गुहेतली दिव्याची अवस

माझ्या नातीला दोन आज्या. एक मी, नॉटिंगहॅमला राहणारी, जन्मभर सरकारी हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन निवृत्त झालेली. दुसरी माझी विहीण, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका लहानशा बेटावर मेंढ्या राखणारी. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि तिच्या मते नुसती उंचीतच नाही. मी आता पंचाहत्तरी ओलांडली. ज्या बाईची ही हकीकत आहे ती बासष्ट वर्षांची होती. ती मीच, पण तिच्याशी नातं सांगायला मला अजून संकोच वाटतो. सेलमध्ये घेतलेले नवेकोरे बूट, कधीही न टेकलेली नवी काठी आणि आपल्याला सगळं जमतं असा ठाम समज. अशी ती बाई होती.

आमच्या दोघींचं वैर लेकीच्या लग्नापासूनचं. विहिणीचा मान म्हणून मी तिची ओटी भरली, तर ती नारळ हातात धरून बघतच राहिली. त्यांच्याकडे जत्रेत नेम मारून पाडला की नारळ बक्षीस मिळतो. "मी तर काहीच पाडलं नाही, डॉक्टर," ती म्हणाली. ती मला कायम डॉक्टरच म्हणे, आणि असं म्हणे की जणू मी तपासणीला आलेला इन्स्पेक्टरच. मी तिला मिसेस अमुक म्हणे. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. इथे मराठीत उतरवताना तिचे टोमणे जसेच्या तसे ठेवलेत, माझे थोडे धार लावून.

नात झाल्यावर वैराला विषय मिळाला. मी पोरीला थालीपीठ खायला शिकवलं की बेटावरून ओटच्या पोळ्यांचा डबा यायचा. मी तिच्याकडून संध्याकाळचा श्लोक पाठ करून घेतला की पुढच्या सुट्टीत ती एक अख्खं गेलिक गाणं घेऊन परतायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचं गेलिक तिच्या मराठीपेक्षा चांगलं होतं, हे मी कुणालाच कबूल केलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लेक आणि जावई दोघांनाही मँचेस्टरमध्ये कामातून सुट्टी नव्हती. म्हणून नात बेटावर गेली. आणि मीही गेले. हवापालट म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पहारा म्हणून.

गुहेची गोष्ट मी ऐकली ती विहिणीच्या स्वयंपाकघरात. ती बटाटे सोलत होती, नात टेबलावर कोपरं टेकून बसली होती. जुन्या काळी, म्हणजे पाचसहाशे वर्षांपूर्वी, त्या डोंगराळ मुलखात आणि बेटांवर माणसं कुळाकुळाने राहायची. एक सरदार, आणि त्याच्याच रक्ताची म्हणवणारी बाकी सगळी. विहिणीचं कूळ या बेटावर आणि दुसरं खाडीपलीकडे. पलीकडच्यांनी इथला एक वळू पळवला. इथल्यांनी त्यांची एक होडी अडवली, आतल्या तरुण पोरांचे हात बांधले आणि होडी वल्ह्यांशिवाय समुद्रात सोडून दिली. होडी परत किनाऱ्याला लागली तेव्हा आतली अर्धीच पोरं जिवंत होती.

"मग ते आले," विहीण म्हणाली. "चाळीसेक होड्या घेऊन. आमची माणसं लढायला पुरी नव्हती. ती गुहेत लपली. म्हातारी, बाळंतिणी, पाळण्यातली पोरं, सगळी."

गुहेचं तोंड इतकं बुटकं की माणसाने पोटावर सरपटत आत जायचं. आत मात्र देवळाच्या गाभाऱ्याएवढी जागा. शत्रूंनी बेट पालथं घातलं, घरं लुटली, माणूस सापडेना. ते होड्यांत बसून निघालेसुद्धा. तेवढ्यात आतलं कुणीतरी, होड्या गेल्या का बघायला बाहेर आलं. कड्यावरचे पक्षी एकदम उडाले. होड्यांतून ते दिसलं, आणि होड्या वळल्या.

"आत शिरायचं तर एकेकाने शिरायचं," विहीण म्हणाली. "आत खंजीर घेऊन एक जण बसला तरी पुरे. मग ते आत शिरलेच नाहीत. आमच्याच घरांची छपरं उतरवली, ओले नेचे कापून आणले, तोंडाशी रचले आणि पेटवून दिले."

बटाट्याचं साल न तुटता सुरीवरून लोंबत होतं. तिने तिथे गोष्ट थांबवली. धूर आत शिरल्यावर काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. श्वास हा माझा जन्माचा धंदा. बंद जागेत धूर भरला की आधी कोण गळून पडतं, मग कोण, कुणाला झोप येतेय असं वाटतं आणि कुणाला नाही, हे मला पायरीपायरीने दिसत होतं, आणि पहिल्या पायरीवर टेबलाशी बसलेल्या पोरीच्या वयाची पोरं होती. मी उठून उगाच नळ सोडला.

"ग्रॅनी, मला तिथे जायचं," नात म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आज्जी, तो गुहा खरा आहे! रिअल!"

"जाशील की," विहीण म्हणाली. "आमच्या घरातली प्रत्येक मुलगी दहाची व्हायच्या आत एकदा आत जाऊन येते. मी गेले, माझी आई गेली. उद्याच जाऊ. डॉक्टर, तुम्ही घरी थांबा. उगाच गुडघ्यांना त्रास नको."

झालं. गुडघ्यांचं नाव काढलं नसतं तर मी आनंदाने घरी थांबले असते.

"माझ्या गुडघ्यांची काळजी नको," मी म्हटलं. "आमच्याकडे डोंगरोडोंगरी गुहा आहेत. लहानपणापासून बघितल्यात."

बघितल्या होत्या म्हणजे शाळेच्या सहलीत. त्या लेण्यांमध्ये ताठ चालत जाता येतं, छताला रंगवलेली कमळं असतात, बाहेर कठडा, तिकीटघर आणि लिंबूसरबतवाला. हे सगळं त्या बासष्टीच्या बाईने सांगितलं नाही.

संध्याकाळी लेकीला फोन लावला.

"आई, लिसन. तू बरोबर असशील तरच. आणि तिचा हात सोडायचा नाहीस. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत. नॉट फॉर अ सेकंड."

"अगं, मी काय आज..."

"आई. प्रॉमिस कर."

मी वचन दिलं. लेकीने कधी माझ्याकडून असं वचन मागितलं नव्हतं. आम्ही डॉक्टर मंडळी पेशंटच्या घरच्यांना 'काळजी करू नका' म्हणतो ना, त्याचं ओझं काय असतं ते त्या रात्री कळलं.

आता बाकीचा मूर्खपणा. दुसऱ्या दिवशी दिव्याची अवस होती. नॉटिंगहॅमला त्या दिवशी मी घरातले सगळे दिवे, समया घासूनपुसून पाटावर मांडते. बेटावर कसले दिवे? पण पर्समध्ये एक छोटी स्टीलची डबी असते माझ्या, तुपात भिजवलेल्या फुलवाती आणि कापराच्या वड्या. त्या बाईच्या मनात आलं, एवढी माणसं गेली, त्यांच्या नावाने कुणी कधी एक दिवाही लावला नसेल. आपण लावू. त्यात मनोभाव किती आणि 'बघा, मेलेल्यांचं कसं करायचं ते आम्हाला कळतं' हे विहिणीला दाखवणं किती, ते मी आज ताजव्यात घालायला जाणार नाही. डबी आणि काड्यापेटी कोटाच्या खिशात टाकली. बोलले कुणालाच नाही.

सकाळी निघालो. मेंढ्यांची पायवाट, मग कमरेएवढे नेचे, मग समुद्राकाठचे गोटे. वारा पडला होता आणि डोळ्यांत, कानांत बारीक चिलटं घुसत होती. विहीण पुढे ढांगा टाकत होती, नात तिच्या मागे शेळीसारखी उड्या मारत. मी काठी कुठे टेकायची याचा विचार करत करत मागे. ओले नेचे पायाला लागत होते, आणि प्रत्येक वेळी मला आठवत होतं की हेच कापून आणले होते.

गुहेचं तोंड मी आधी ओळखलंच नाही. कड्याच्या पायथ्याशी दगडात एक आडवी फट, पलंगाखाली असते तेवढी जागा. आतून थंड हवा येत होती. कुणी झोपेत तोंडाने श्वास सोडावा तशी.

"ही?" मी म्हटलं.

"तुमच्याकडच्या याहून मोठ्या असतील," विहीण म्हणाली, आणि डोक्याला टॉर्च बांधून पोटावर पडली. तिचे बूट आत दिसेनासे झाले.

मग नात. हात कसा धरणार? दोघींना सरपटायचं होतं. मी तिचा घोटा धरला. हात नाही तर पाय, वचनातून पळवाट काढायला मला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या हाताने काठी ओढत तिच्या मागोमाग डोकं आत घातलं आणि उजेड गेला.

भूल देणाऱ्याला दुसऱ्याची भीती बघायची सवय असते. स्वतःची नसते. पाठीला वरचा दगड लागत होता, पोटाला खालचा. मान वर करावी तर डोकं आपटे. नातीचा घोटा पुढे सरके, मी कोपरांवर सरके, मग तो पुन्हा पुढे. मध्ये एकदा घोटा थांबला. तेवढ्या वेळात मला घशाशी काहीतरी आलं, ते ओरडणं होतं की सकाळचा चहा कोण जाणे. परत जाऊ म्हटलं तर मागे बघायलाही जागा नव्हती.

"आज्जी, तू माझा पाय खूप दाबते," पुढून आवाज आला.

"दाबू दे," मी म्हटलं.

मग दगड एकदम वर गेला. उभं राहता आलं. विहिणीच्या टॉर्चच्या उजेडात काळ्या, ओल्या भिंती दिसल्या, कपारींमध्ये पारव्यांनी काड्यागवताची घरटी केलेली. कुठेतरी पाणी टपकत होतं. मी नातीचा हात धरला, घट्ट. तिचा हात गरम होता, माझा बर्फ.

"बसा," विहीण म्हणाली. "आता दिवा घालवायचा. मी नावं घेते. ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आमच्यात असंच करतात."

आणि तिने टॉर्च बंद केला.

एवढा अंधार मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेत ते कळेना. त्या अंधारात विहिणीचा आवाज सुरू झाला. गेलिक नावं. रोजचा तिचा खडा आवाज नव्हेच. खालच्या पट्टीतला, एकसुरी, नाव घ्यायचं आणि थांबायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं. जणू समोरून कुणी 'आहे' म्हणतंय आणि ती पुढे जातेय. मला शब्द कळत नव्हते. नातीला थोडे कळत होते, कारण मधूनच तिची बोटं माझ्या हातात आवळली जात. नंतर तिने सांगितलं, पुढे पुढे नावं संपली होती. नुसतं 'अमकीचं बाळ', 'तमकीचं बाळ' एवढंच होतं.

मला वाटायला लागलं की आपल्या भोवती माणसं बसली आहेत. अगदी जवळ. पाठीला पाठ लावून. मी स्वतःला सांगून बघितलं की तू सायन्सची बाई आहेस. अंधारात सायन्सला फारसा आवाज नसतो.

शेवटी आवाज थांबला. विहीण टॉर्च लावेना. आणि ती बासष्टीची बाई, भीतीने अर्धमेली, तिने काय करावं? तिने डावा हात नातीच्या हातात ठेवून उजव्या हाताने खिशातली डबी काढली. मागच्या कपारीत चाचपून फुलवात ठेवली, शेजारी कापूर. काड्यापेटी गुडघ्यांत धरून काडी ओढताना तिच्या मनात एवढंच होतं की आता उजेड येईल.

उजेड आला. कापूर भक्कन पेटला. त्या पिवळ्या उजेडात मला विहिणीचा चेहरा दिसला.

मी रागाची तयारी ठेवली होती. तो राग नव्हता. ज्या बाईने माझ्या देखत अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू ओढून काढलं होतं, तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. तिने आगीकडे बघितलं, नाकाने वास घेतला, आणि पुढच्या क्षणी ती गुडघ्यांवर पडून फटीकडे धावली. जनावर पळतं तशी. नातीला ओलांडून. टॉर्च डोक्यावरून निसटून कुठेतरी घरंगळला.

त्या बेटावर त्या गुहेच्या जवळपास कुणी सिगारेटसुद्धा पेटवत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. का सांगतील? आत विस्तव घेऊन जाईल असा माणूस त्यांच्या कल्पनेतच नव्हता. तो न्यायला आमच्यासारखी मंडळी लागतात.

"आज्जी, ते जळतंय," नात म्हणाली.

मी वात ठेवली त्या कपारीत पारव्याचं घरटं होतं. वर्षानुवर्षांचं वाळकं गवत, पिसं, लोकरीचे पुंजके. कापराने ते धरलं होतं. ज्वाळा फार नव्हती. धूर होता. पिवळट, जाड, जळक्या पिसांच्या घाण वासाचा धूर, तो छताशी जाऊन मग फटीच्या दिशेने सरकत होता. मी काठीने घरटं खाली ओढलं आणि नव्या बुटांनी तुडवलं. ते विझलं. विझताना दुप्पट धूर आला आणि पुन्हा अंधार झाला.

"खाली पड," मी नातीला म्हटलं. "जमिनीशी नाक लाव. ओढणी तोंडावर घे." माझ्याच गळ्यातली ओढणी तिच्या तोंडावर धरली. "हळू श्वास घे. हळू."

"ग्रॅनी कुठे आहे?"

ग्रॅनी फटीत होती. अडकलेली. तिचा तो जाड कोट वर सरकून काखांत गोळा झाला होता, आणि आता ती पुढे जाईना, मागे येईना. तिच्या बुटांचा दगडावर घासल्याचा आवाज येत होता आणि मधून मधून तिचा श्वास. तो श्वास मी ओळखला. घाबरलेला माणूस आत घेतो, आणखी आत घेतो, आणि सोडायचं विसरतो. छाती फुगते. फुगलेली छाती त्या दगडांतून जाणार नव्हती.

आणि त्या एकाच फटीतून आम्हाला बाहेर जायचं होतं.

नातीला खोकला लागला. लहान, कोरडा. मला पायऱ्या दिसायला लागल्या, त्याच, स्वयंपाकघरात दिसलेल्या. गुहा मोठी आहे, आग विझलीय, एवढ्या धुराने कुणी मरत नाही, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की लेकीचं पोर माझ्या हातात आहे, धूर आहे, आणि दार एका माणसाने बंद झालंय. मी नातीला छातीशी धरून तशीच सरपटत फटीशी गेले आणि दुसरा हात पुढे करून विहिणीचा बूट धरला. तिने लाथ मारली. माझ्या मनगटाला लागली.

तेव्हा मी तिला पहिल्यांदाच तिच्या पहिल्या नावाने हाक मारली.

"ऐक. मी आहे, तुझ्या पायाशी. आग विझवलीय."

बूट झाडतच होता.

"आग नाही आता. फक्त धूर आहे आणि तो तुझ्या पुढून बाहेर चाललाय. तुला समोर उजेड दिसतोय का?"

बूट थांबला.

ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाशी बोलायचा एक आवाज असतो. तो मनातून येत नाही, गळ्यातून येतो. मन काय वाटेल ते करत असलं तरी तो आवाज चालतो. माझं मन त्या वेळी किंचाळत होतं.

"श्वास सोड," मी त्या आवाजात म्हटलं. "घेऊ नकोस. फक्त सोड. फुंकर घातल्यासारखा. अजून. अजून आहे आत, तोही सोड."

एक लांब, थरथरता आवाज आला.

"छान. आता हात पुढे कर आणि पुढे ढकल स्वतःला. तेवढंच. मग थांब. मग पुन्हा श्वास सोड."

कापड फाटल्याचा आवाज झाला. बूट माझ्या हातातून थोडा पुढे गेला. मग आणखी. मग गेलाच. फटीच्या टोकाला मळकट उजेडाचा तुकडा दिसला, आणि बाहेरून कुणीतरी ओकल्यासारखं खोकलं.

आता नात. दोघी एकदम मावणार नव्हतो. ती माझ्या पुढे गेली आणि मी घोटा धरून मागे गेले, तर मध्ये ती अडकली की मीही तिच्यामागे अडकणार, आणि पुढून कुणी ओढलं तर माझ्या पकडीमुळे ती येणार नाही. सोडायला हवं होतं. मला ते कळत होतं आणि माझी बोटं ऐकत नव्हती. बाहेर जी होती ती आत्ताच पोरीला ओलांडून पळाली होती. तिच्या हाती द्यायचं?

"तिथे आहेस का?" मी ओरडले.

"आहे."

"पोर येतेय. हात आत घाल."

"घातलाय," विहीण म्हणाली. आवाज फुटला होता. "पाठवा तिला. मी हललेली नाही."

"आज्जी, तू पण ये," नात म्हणाली.

"येते. ग्रॅनीचा हात दिसला की धर. मागे बघू नकोस."

मी हात सोडला.

ती गेली. घासत घासत, खोकत. मग बाहेरून विहिणीचा काहीतरी गेलिक शब्द, एकच, पुन्हा पुन्हा. मी आत एकटी. टपकणारं पाणी ऐकू येत होतं. आणि मघाशी भोवती बसलेली माणसं अजून तिथेच होती, याची मला एवढी खात्री होती की मी माफी मागितली. मराठीत. मोठ्याने. मग श्वास सोडला आणि डोकं त्या फटीत घातलं.

मी बाहेर आले ते कॉलरला धरून ओढली गेल्यामुळे. गुडघे फुटले होते. नात गोट्यांवर बसली होती, तोंड काळं, डोळे लाल, जिवंत. विहिणीच्या कोटाची एक बाही निम्मी गेली होती. तिने माझ्या खिशात हात घातला, काड्यापेटी काढली आणि समुद्रात फेकली. मग डबी. डबी स्टीलची, चांगली होती.

"दिवा लावत होते," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी."

"त्यांना आग पुरेशी झालीय," ती म्हणाली. मग ती गोट्यांवर खाली बसली.

"कोण जास्त घाबरलं होतं?" नातीने विचारलं.

आम्ही दोघींनी एकदम एकमेकींकडे बोट दाखवलं. पोर हसली नाही.

संध्याकाळी लेकीला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रडली, मग ओरडली, मग म्हणाली की यापुढे पोर कुणाबरोबर कुठे जाईल ते ती ठरवेल. दोन्ही आज्यांना एकदमच काढून टाकलं होतं.

त्या दिवशी विहिणीने चूल पेटवली नाही. थंडी होती, तरी शेगडीही नाही. गार पाव आणि चीज खाल्लं. मग नातीला बाथरूममध्ये घेऊन गेली, कारण पोरीच्या केसांना धुराचा वास होता, आणि तो घरात सगळीकडे लागत होता. मी दारात स्टुलावर बसले. टबाच्या काठाशी वाकलेली पोर, तिच्या मानेवर विहिणीचे लाल, सोललेले हात.

"ग्रॅनी," फेसाखालून नात म्हणाली, "मग आपल्या लोकांनी काय केलं? नंतर?"

विहिणीचे हात थांबले. मला वाटलं, ती नळ मोठा करील.

"मासे धरायला गेलेले वाचले होते," ती म्हणाली. "त्यांची मुलं मोठी झाली. मग पलीकडच्यांकडे एक लग्न होतं. सगळी गोठ्यात नाचत होती. आमच्यांनी बाहेरून दार लावून घेतलं."

"आणि?"

"आणि पेटवलं."

ही गोष्ट तिने बटाटे सोलताना सांगितली नव्हती. तिच्या आईने तिला कधी सांगितली, की सांगितलीच नाही, ते मी विचारलं नाही. पाणी वाहत राहिलं. पोरीच्या पाठीचे मणके थरथरताना मला दिसत होते, पाणी तर कोमट होतं.

विहिणीने केस पिळले, नाकाशी नेले, मान हलवली. पुन्हा शाम्पू, पुन्हा पाणी. मग तिने ओले केस हातात धरून माझ्याकडे वळवले.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझं नाक आज खरं सांगत नाहीये."

मी वाकून वास घेतला.

"अजून आहे," मी म्हटलं.

तिने बाटली पुन्हा उचलली.